सरकारी सावकार, खाजगी सावकार

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. आकडे तेवढे नंतर कागदावरून ताडून घेतलेत.)



मला आज कविता वाचायला बोलावलं होतं. कविता पुढच्या खेपेला. आज मी कर्जावर बोलणार, आणि तेही अमेरिकेतल्या कॉलेजच्या कर्जावर. गोदीतला हमाल अमेरिकेच्या कर्जावर काय बोलणार, असं मागं कुणीतरी पुटपुटलं, ऐकू आलं मला. बरोबर आहे, मी मॅट्रिक. पण बोटीतनं उतरणाऱ्या मालावरचं वजन वाचायला डिग्री लागत नाही. कर्जाचा कागद तसाच वाचायचा. वरचं रंगीत लेबल सोडायचं, खालचं वजन बघायचं. आणि व्याज म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकानं शिकवायचं राहिलंय थोडंच? पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा राहणारा पठाण आपल्या आज्यांनी बघितलाय. त्याला मुद्दल नको असायचं. मुद्दल फिटलं की गिऱ्हाईक गेलं.

१९७२ साली या मुंबईत पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते ओकलंडच्या काळ्या पोरांकडनं, हे तुम्हाला पाठ आहे. पण ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील एकमेकांना भेटले कुठं? मेरिट कॉलेजात. ओकलंडचं साधं, सरकारी, दोन वर्षांचं कॉलेज. कॅलिफोर्नियातल्या असल्या कॉलेजांत तिथल्या रहिवाशांना १९८४ पर्यंत फीच नव्हती. मजुराचा पोरगा रिकाम्या खिशानं आत शिरायचा आणि कायदा वाचायचा. न्यूटननं कायदा वाचला होता म्हणून तो भर रस्त्यात पोलिसासमोर कलम सांगू शकला. १९६६ च्या ऑक्टोबरात पक्ष निघाला तो असल्या फुकट कॉलेजात भेटलेल्या पोरांनी काढला. हे मी का सांगतोय? कारण आज आपल्याला वाटतं, अमेरिकेत कॉलेज म्हटलं की कर्ज हे देवानंच लिहून ठेवलंय. तसं काही नव्हतं. ते आणलं गेलं.

न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज बघा. १८४७ ची स्थापना, तेव्हापासून दिवसा शिकणाऱ्याला फी नाही. गरीब गोऱ्यांची, युरोपातनं पळून आलेल्या ज्यूंची पोरं तिथं शिकून मोठी झाली. १९७० ला शहरानं शाळा पास झालेल्या सगळ्यांना आपल्या कॉलेजांचं दार उघडलं. काळी पोरं, पोर्तोरिकोची पोरं झुंडीनं आत आली. आणि १९७६ ला फी बसली. कारण काय, तर शहर दिवाळखोरीच्या दारात आहे. कारण खोटं नव्हतं, शहराची तिजोरी खरंच रिकामी होती. पण १९२९ ची मंदी आली तेव्हा तिजोरी काय भरून वाहत होती? तेव्हा फी लागली नाही. काळी पोरं बाकावर बसल्यावर सहा वर्षांत लागली. याचा अर्थ मी सांगायची गरज नाही, आपण गावच्या विहिरीवरनं आलेली माणसं आहोत.

१९७० च्या ऑक्टोबरात रेगन कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता. त्याचा सल्लागार रॉजर फ्रीमन पत्रकारांसमोर बोलून गेला, की शिकलेला सर्वहारा तयार होतोय, हे स्फोटक आहे, कॉलेजात कुणाला येऊ द्यायचं ते निवडून ठरवावं लागेल. बोलला बिचारा खरं. बाकीचे असं बोलत नाहीत, फक्त फी वाढवतात.

आता कर्जाचा जन्म. १९४४ ला युद्धावरनं परतणाऱ्या सैनिकांना सरकारनं शिकायला पैसे दिले. कर्ज नव्हे, पैसे. गोऱ्यांची एक पिढीच्या पिढी त्यातनं वर गेली. काळे सैनिकही लढले होते, पण दक्षिणेत कचेरीत बसलेला साहेब गोरा, कॉलेजं गोऱ्यांची, दार बंद. १९५७ ला रशियानं स्पुटनिक सोडला, अमेरिका दचकली, १९५८ ला कायदा करून सरकार पहिल्यांदा विद्यार्थ्यांना कर्ज द्यायला लागलं. मग ८ नोव्हेंबर १९६५. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन टेक्सासात आपल्या जुन्या कॉलेजात गेला आणि उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. हेतू चांगला होता, मी नाकारत नाही. गरिबाचं पोर पैशापायी अडू नये. पण पैसा द्यायचा बँकेनं, आणि बुडाला तर भरून द्यायचा सरकारनं. म्हणजे नफा सावकाराचा, जोखीम सरकारची, आणि ओझं पोराच्या पाठीवर. ही व्यवस्था २०१० पर्यंत चालली. त्यानंतर सरकार स्वतःच थेट कर्ज देतं. आज तिकडं सव्वाचार कोटींच्या आसपास माणसं सरकारची देणेकरी आहेत, रक्कम एक लाख साठ हजार कोटी डॉलरच्या घरात. शंभरातले नव्वदहून जास्त डॉलर सरकारचे, उरलेले खाजगी बँकांचे.

म्हणजे सावकार दोन. दोघांची तोंडं वेगळी, ओळखून घ्या.

पहिला सरकारी. तिकडं केंद्र सरकारला फेडरल म्हणतात, म्हणून फेडरल कर्ज. दरवर्षी एक फॉर्म भरायचा, त्याला फाफ्सा म्हणतात. घरची मिळकत सांगायची. अगदी गरीब असाल तर पेल ग्रँट मिळते, ती परत करायची नसते. ती पुरत नाही म्हणून पुढं कर्ज. पदवीच्या पोराला हे कर्ज देताना सरकार पत बघत नाही, जामीन मागत नाही. व्याजाचा दर दरवर्षी कायद्यानं ठरतो आणि एकदा घेतलेल्या कर्जाला शेवटपर्यंत तोच राहतो. २०२५-२६ साली पदवीसाठी ६.३९ टक्के होता. यातही दोन जाती. एका कर्जाचं व्याज, पोरगा शिकत असेपर्यंत, सरकार भरतं. हे फक्त गरजूंना. दुसऱ्याचं व्याज पैसे हातात पडल्या दिवसापासनं चढतं. पोरगा ग्रंथालयात बसलाय, व्याज चढतंय. झोपलाय, चढतंय. पण आई-बापावर अवलंबून असलेल्या पोराला पहिल्या वर्षी मिळून साडेपाच हजार डॉलरच, आणि पुऱ्या पदवीला एकतीस हजार. खर्च त्याच्या कैकपट.

त्या फटीत दुसरा सावकार उभा आहे. खाजगी. बँका, कंपन्या. हा पत बघतो. अठरा वर्षांच्या पोराला पत कुठली? म्हणून तो जामीन मागतो. बाप, आई, मामा, कुणीतरी सही करायची. जामीन म्हणजे नुसता साक्षीदार नाही हे डोक्यात ठेवा. पोरानं हप्ता चुकवला की ते कर्ज पहिल्यापासनं जामिनाचंच होतं असं धरून त्याच्याकडनं वसूल होतं. दर पतीवर. श्रीमंताच्या पोराला कमी, गरिबाच्या पोराला जास्त. कधी दर बांधलेला, कधी बाजाराबरोबर वर-खाली होणारा, आणि सुरवातीला पुष्कळदा हा दुसराच स्वस्त दिसतो. नोकरी गेली म्हणून हप्ता कमी करा, असा हक्क तिथं नाही, कंपनीच्या मर्जीवर.

हिशेब करून दाखवतो, पाटीवर लिहून घ्या. तीस हजार डॉलर सरकारी, ६.३९ टक्क्यांनी, दहा वर्षांत फेडायचे. हप्ता महिन्याला साधारण ३३९ डॉलर. एकूण फेड ४०,७०० च्या आसपास. आता तेच तीस हजार खाजगी, बारा टक्क्यांनी. कंपनी म्हणते, घाबरू नको, पंधरा वर्षं घे. हप्ता ३६०. पोरगा म्हणतो, च्यायला, एकवीस डॉलरचा तर फरक! एकूण फेड किती? ६४,८००. हप्ता दाखवतात, बेरीज दाखवत नाहीत. पठाणही आठवड्याचं सांगायचा, वर्षाचं कधी सांगितलं नाही.

आणि सरकारी सावकार साधू आहे असं समजू नका. २७० दिवस हप्ता नाही भरला की कर्ज बुडीत. मग कोर्टाचा निकाल न घेता सरकार पगारातनं हात घालू शकतं, कापाकापी होऊन जे उरतं त्याच्या पंधरा टक्क्यांपर्यंत. कराचा परतावा परस्पर अडवू शकतं. म्हाताऱ्याच्या पेन्शनलाही हात लावायची मुभा कायद्यात आहे. खाजगीवाल्याला निदान कोर्टात जावं लागतं, आणि दावा लावायला त्याला मुदत असते. सरकारला मुदत नाही, १९९१ ला ती काढून टाकली. तुम्ही सत्तरीचे झाला तरी विशीतलं कर्ज दारात उभं.

दिवाळं काढून सुटू म्हणाल, तर तेही दार बंद केलंय. १९७६ ला कायदा झाला, पहिली पाच वर्षं हे कर्ज दिवाळखोरीत माफ होणार नाही. १९९८ ला सरकारी कर्जापुरतं कायमचं बंद, "अवाजवी हाल" सिद्ध केल्याशिवाय. २००५ ला खाजगी कर्जालाही तेच कलम. पोरानं कोर्टात उभं राहून सिद्ध करायचं की मी आजच भिकारी नाही, पुढंही राहणार आहे. आणि अटलांटिक सिटीत ट्रम्पचा ताजमहाल नावाचा जुगारखाना होता, तो १९९१ ला दिवाळखोरीत गेला, देणेकऱ्यांशी बसून हिशेब जुळवून पुन्हा चालू. जुगारखान्याला दुसरी संधी आहे, शाळामास्तरणीला नाही.

आता रंगाचं बोलू. ब्रुकिंग्ज नावाच्या संस्थेनं २०१६ ला हिशेब मांडला. पदवी हातात पडते तेव्हा काळ्या पोरावर सरासरी २३,४०० डॉलर कर्ज, गोऱ्यावर १६,०००. फरक सात हजारांचा. चार वर्षांनी बघितलं तर काळ्यावर जवळपास ५३,००० आणि गोऱ्यावर २८,०००. दोघं एकाच रांगेतनं डिग्री घेऊन उतरले, चार वर्षांत अंतर तिप्पट! काळ्या पदवीधरांतले शंभरातले ४८ जण असे, की जेवढं घेतलं त्याहून जास्त देणं लागतात. गोऱ्यांत हे शंभरात १७. का? काही जण पुढं शिकायला आणखी कर्ज घेतात, हे एक. दुसरं, पगार कमी, म्हणून हप्ता व्याजालाही पुरत नाही. तीस हजारांवर रोज सव्वापाच डॉलर व्याज चढतं, महिन्याला १६० च्या आसपास. तुम्ही शंभर भरले, साठ उरले, ते अंगावरच. आणि तिसरं, मागं घर नाही. गोऱ्या पोराच्या आजोबाला १९४४ नंतर सरकारनं घरासाठीही मदत केली, ते घर आज नातवाची फी भरतं. काळ्याच्या आजोबाला त्या गल्लीत घरच घेऊ दिलं नाही. कर्जाचा कागद सगळ्यांना एकच असतो हो. कागदाला जात नसते. ती कागद धरणाऱ्या हातामागं असते.

आईबापांच्या नावाचंही एक सरकारी कर्ज आहे, पेरेंट प्लस. पोराची मर्यादा संपली की कॉलेज आईला सांगतं, तुम्ही घ्या. आई पूर्वी कुठं बुडवी नव्हती ना एवढंच बघतात. ती फेडणार कशातनं, हे विचारत नाहीत. साठीची मोलकरीण पोराच्या डिग्रीचा हप्ता भरते. २०१९ ला अटलांटातल्या मोरहाउस या काळ्यांच्या कॉलेजात रॉबर्ट स्मिथ नावाचा काळा अब्जाधीश पदवीदानाला आला आणि म्हणाला, या वर्षीच्या पोरांचं कर्ज मी फेडतो. चारशेच्या आसपास पोरं, ३ कोटी ४० लाख डॉलर, पालकांची कर्जंही त्यात. टाळ्या, रडारड, सगळं झालं. मीही ती फिल्म बघून रडलो. मग विचार आला, २०१८ ची बॅच काय करत असेल?

लुटारू कॉलेजांची गोष्ट सांगायलाच हवी. कॉरिंथियन नावाची कंपनी, तिची एव्हरेस्ट नावानं कॉलेजं. गिऱ्हाईक कोण, तर गरीब, एकट्या आया, काळी-सावळी पोरं. नोकरी लागेल म्हणून खोटे आकडे दाखवायचे, सरकारी कर्ज काढायला लावायचं, पैसा कंपनीच्या खिशात, कर्ज पोरीच्या नावावर. एप्रिल २०१५ ला कंपनी बंद पडली. त्याआधीच तिथल्या पंधरा माजी विद्यार्थ्यांनी जाहीर केलं, आम्ही कर्ज फेडणार नाही. संप! कामाचा नव्हे, हप्त्याचा संप. पंधराचे शेकडो झाले. सरकारनं टाळाटाळ केली, कोर्टकज्जे झाले, आणि जून २०२२ ला सरकारला ५ लाख ६० हजार लोकांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज रद्द करावं लागलं. त्याच वर्षी नॅव्हिएंट या कर्जकंपनीनं ३९ राज्यांशी तडजोड केली, ६६ हजार लोकांवरचं १७० कोटींचं खाजगी कर्ज सोडलं. फेडू शकणार नाहीत हे ठाऊक असून पोरांच्या गळ्यात कर्ज बांधलं, असा आरोप होता. कंपनी शेवटपर्यंत म्हणत राहिली, आमचं काही चुकलं नाही.

सगळ्यांचं कर्ज माफ करायचा डाव मात्र फसला. बायडननं २०२२ ला जाहीर केलं, दहा हजार माफ, आणि पेल ग्रँटवाल्या गरिबांना वीस हजार. ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी ते मोडून काढलं. मग ४ जुलै २०२५ ला ट्रम्पनं सही केलेला कायदा आला. त्यात १ जुलै २०२६ पासनं नवी कर्जं घेणाऱ्यांसाठी मिळकतीवर हप्त्याची एकच योजना ठेवलीय. मिळकतीच्या एक ते दहा टक्के, किमान दहा डॉलर, हप्त्यात न बसलेलं व्याज सोडायचं, आणि उरलेलं माफ व्हायला तीस वर्षं. व्याज सोडलं हे चांगलं. पण तीस वर्षं! पंचविशीत घेतलेलं पंचावन्नाव्या वर्षी सुटणार. याच कायद्यानं पदवीनंतर शिकणाऱ्यांचं खर्चाएवढं मिळणारं सरकारी कर्ज नव्या विद्यार्थ्यांना बंद केलं. साध्या एम.ए., एम.एस.ला वर्षाला साडेवीस हजार, एकूण एक लाख, बस्स. वरचा खड्डा कोण भरणार? खाजगी सावकार. दार सरकारनं लावलं, गिऱ्हाईक कंपनीकडं वळलं.

आता आपलं. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तीही मोकळी नव्हती, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करीन असा करार होता. १९१७ ला तो करार पाळायला बडोद्याला गेले तर राहायला खोली मिळाली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. १९२० ला लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला निघाले तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राकडनं पाच हजार रुपये उसने घेतले. म्हणजे कर्ज काढून शिकणं आपल्याला नवं नाही, आणि मी कर्ज काढू नका म्हणायला उभा नाही. त्याच कोलंबियात आज पदवीच्या पोराचा वर्षाचा सगळा खर्च नव्वद हजार डॉलरच्या आसपास जातो.

आपल्या पोराला तिकडचा पहिला सावकार भेटतच नाही, हे आधी समजून घ्या. फेडरल कर्ज नागरिकांना आणि तिथं कायमचं राहायचा हक्क असलेल्यांना. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला नाही. म्हणजे मिळकतीवर हप्ता, व्याज सोडणं, मेल्यावर माफी, जे काय थोडं मऊ आहे ते सगळं वजा. उरला खाजगी. तो अमेरिकेतला जामीन मागतो. आपला मामा कुर्ल्याला असतो. जामिनाशिवाय देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचा दर बघून घ्या. नाहीतर इथली बँक. सरकारी बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांवर गेलात की तारण लागतं. तारण म्हणजे बापानं निवृत्तीच्या पैशातनं बदलापूरला घेतलेली खोली. आणि २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँक कोर्टात दावा न लावता त्या खोलीचा ताबा घेऊ शकते.

असला एक बाप आपल्या वस्तीत आहे. पोराला पत्र आलंय. एजंट, नाव घेत नाही, घरी येऊन पेढे खाऊन गेला. तो कॉलेजकडनं दलाली घेतो हे त्यानं सांगितलं नाही. मी त्या बापाला जा म्हणालो नाही, नको म्हणालो नाही. पाच गोष्टी विचारून ये म्हणालो. दर बांधलेला की हलता? शिकताना व्याज चढतं का, आणि चढलेलं मुद्दलात कधी मिळवतात? पोराचं काही बरंवाईट झालं तर कर्ज कुणावर? तारण कधी मोकळं होणार? आणि रुपया घसरला, फी डॉलरमध्ये वाढली, तर दुसऱ्या वर्षाचा पैसा कुठनं? बँकेतल्या साहेबानं पहिल्या दोनची उत्तरं दिली, तिसऱ्याला विम्याचा कागद पुढं केला. विम्याचा हप्ताही कर्जातच मिळवलेला.

बँकेच्या आधी शिष्यवृत्तीचं दार वाजवा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अनुसूचित जातीच्या ७५ मुलांना. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना. अख्ख्या देशात ११५! आणि २०२२ ला केंद्रानं नियम घातला, भारताची संस्कृती, इतिहास, समाज यांवर अभ्यास करणार असाल तर पैसे नाहीत. म्हणजे बाबासाहेबांनी १९१६ ला कोलंबियात जातींवर जो निबंध वाचला, तो विषय घेऊन आज कुणी अर्ज केला तर तो या नियमात अडकतो. तरी अर्ज करा. शाहू शिष्यवृत्तीची जाहिरात समाजकल्याण खात्याकडनं निघते, कागद आधीपासनं गोळा करून ठेवा. जातपडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला यातच पोरांचे महिने जातात.

ज्यांच्याकडं बँकेचे, कंपन्यांचे कागद आहेत त्यांनी पुढं येऊन बसा. बारीक अक्षरातलं पान आधी काढा, ते मोठ्यानं वाचू. माझी रात्रपाळी दहाला आहे, तोवर वेळ आहे.